मिरची आली नाही तो उन्हाळा

चैत्र लागला की आमच्या गल्लीच्या टोकाच्या कांडप यंत्राला जोर चढतो. सकाळची उन्हं अंगणात उतरायच्या आत बायका डबे घेऊन तिथे हजर असतात. पहिली शिंक शेजारच्या निवृत्त मास्तरांची. मग त्यांच्या नातवाची. मग सगळी गल्ली शिंकायला लागते. माझी सून तोंडाला पदर लावून धावत येते आणि खिडक्या लावून घेते. ती आत गेली की मी त्या पुन्हा उघडते. "आई, तुम्हाला त्रास होतो," असं ती दरवर्षी म्हणते. तिचं खरं आहे, डोळ्यांतून पाणी येतं, घसा खवखवतो. पण माझं सगळं बालपण मिरचीच्या त्या खाटात, त्या झणझणीत वासात गेलं, आणि माहेरचा वास नाकाला झोंबला म्हणून कुणी दार लावून घेतं का?

बारामतीच्या पेठेत माझ्या वडिलांचं, अण्णांचं, मिरचीचं दुकान होतं. पुढे दुकान, मागे घर आणि मध्ये एक पडवी. फाल्गुन-चैत्रात पडवीत मिरचीचे ढीग पडत आणि आठ-दहा बायका गोल करून देठ खुडायला बसत. मी शाळेतून आले की दप्तर टाकून त्यांच्यात जाऊन बसायची. बोटांची आग व्हायची, चुकून डोळ्याला हात लागला की थयथयाट. शाळेत हंगामभर माझ्या शेजारी कुणी बसत नसे. बाई माझी वही दोन बोटांत धरून तपासायच्या. मला त्याचं वाईट वाटायचं नाही. उलट रुबाब वाटायचा. अख्ख्या वर्गाला एकटीने शिंकायला लावणं ही काय साधी गोष्ट आहे?

आमची मिरची यायची वरंगलच्या पलीकडून. ती आणायचा राजय्या. काळासावळा, उंच, कानात बाळ्या, खांद्यावर पांढरा पंचा. तिकडच्या खेड्यांतून बैलगाडीने हिंडून तो मिरची गोळा करी. थोडी त्याच्या स्वतःच्या रानातलीही असे. मग रेल्वेने वाडी, सोलापूर करत दौंडला येई, आणि तिथून पोती आमच्या बारामतीच्या लहान गाडीत चढवून तो स्वतः त्या पोत्यांवर बसून येई. त्याला मराठी येत नसे, अण्णांना तेलुगू. दोघं हैदराबादी हिंदीत बोलत. अण्णांची हिंदी ऐकून आई पदर तोंडाला लावून हसायची. मिरचीच्या खाटाचं निमित्त असायचंच.

अण्णांच्या दुकानाची एक रीत होती. हंगामाचं पहिलं पोतं दुकानदाराने उघडायचं नाही. ज्याच्या मातीतला माल, त्याने त्याचं तोंड उघडायचं. राजय्या ओट्यावर मांडी घालून बसायचा, दाभणाने शिवलेली सुतळी हळूहळू सोडायचा आणि पहिली मूठ अण्णांच्या ओंजळीत घालायचा. अण्णा एक मिरची मोडून बी जिभेवर ठेवत, डोळे मिटत. बाजार थांबलेला असे. मग अण्णांच्या कपाळावर घाम फुटे आणि ते म्हणत, "हाय!" म्हणजे झणका आहे. एवढं म्हटलं की गिऱ्हाईक तुटून पडे. सुपे, लोणी भापकर, माळेगाव, कुठून कुठून बाया वर्षाच्या मसाल्याची मिरची न्यायला आमच्याकडे येत. त्या एका शब्दावर आमचं घर चालायचं.

एक्कावन्न सालच्या उन्हाळ्यात राजय्या आला नाही.

शिमगा गेला. अण्णा रोज लहान गाडीच्या वेळेला स्टेशनावर जाऊन उभे राहत आणि पंचा झटकत परत येत. पाडवा आला. गुढीला साखरेची गाठी बांधली, पडवी मात्र सारवून रिकामी. देठ खुडणाऱ्या बायका येऊन डोकावून जात. मिरचीशिवाय ती पडवी एवढी मोठी असेल असं मला कधी वाटलंच नव्हतं.

बातमी आणली नरसप्पाने. हा सोलापूरचा, विणकरांतला, घरची बोली तेलुगू. दर गुरुवारी बाजाराला लुगडी घेऊन यायचा आणि आमच्या ओट्याच्या सावलीत पाल लावायचा. त्याचे सोयरेधायरे तिकडे होते.

"अण्णा, त्या राजय्याची वाट बघू नगा," तो म्हणाला. "तिकडं रानात बंदुका चालू हायत. जमीनदारांच्या इरुद्ध पोरं उठल्याली, ती जंगलात शिरली. त्यांच्या मागं लष्कर शिरलं. आता यापाऱ्यानं गाडी जुपली की दिवसा लष्कर इचारतंय, कुणाला धान्य पोचवतुयास? आन रातच्याला ती पोरं येऊन इचारत्यात, कुणाला बातमी दिलीस? गाडीच चालंना, तर मिरची कुठनं यायची?"

"पर राजय्या बरा हाय ना?" आईने आतून विचारलं.

"त्येचं गावच उठवलंय म्हन्त्यात वयनी. समदी गावं एका जागी आणून ठिवल्यात. त्यो कुठं हाय, कोन सांगणार?"

निजामाचं राज्य गेलं होतं, पेढे वाटून झाले होते. आमच्या लेखी तिकडचा मामला मिटला होता. वर्तमानपत्रात तेलंगणाच्या बातम्या येत, अण्णा त्या वाचतही, पण इतक्या लांबची बंदूक आमच्या चुलीपर्यंत पोचेल हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. ती पोचली ती अशी. आवाज नाही, धूर नाही. नुसता रस्सा फिका पडला.

तसा बाजारात माल अगदीच नव्हता असं नाही. ब्याडगी होती. पण ब्याडगीला रंग देखणा, झणका कमी. संकेश्वरी पुण्याचे आणि कोल्हापूरचे व्यापारी वरच्या वर उचलत. मग पेठेत काही ठिकाणी जुनी, विटकी मिरची तेल आणि रंग चोळून ढिगावर चढू लागली. दिसायला लालभडक, खायला लाकडाचा भुसा. लोणी भापकरला एका लग्नाला आम्ही गेलो होतो. मटणाचं जेवण. पंगत बसली, पहिला भुरका झाला आणि नवऱ्या मुलाचा चुलत आजा, सगळे त्याला आबा म्हणत, वाटी वर धरून ओरडला, "ह्यो रस्सा हाय का तांदळाचं धुवण?" वधूपित्याचं तोंड रश्श्यापेक्षा फिकं पडलं. पंगतीत सगळे अण्णांकडे बघायला लागले. जणू बंड अण्णांनीच केलं होतं.

त्या उन्हाळ्यात घरोघरी पुरुष चिडचिडे झाले होते. मी अजूनही म्हणते, माणसाला चार दिवस उपाशी ठेवा, तो गप्प बसेल. पण मिळमिळीत जेवू घाला, तो घर डोक्यावर घेईल.

अण्णांना दोघातिघांनी सल्ला दिला, तुम्हीही रंग लावा, हंगाम तर निघेल. अण्णा म्हणाले, "मी जिभंवर बी ठिवून काय म्हणू? 'न्हाय'?" आणि दुकानाची एक फळी लावून घेतली. दुसरी उघडी ठेवली होती ती हळद-धण्यांसाठी. धण्यांवर घर किती दिवस चालणार?

तेवढ्यात इंदापूरहून माझे मामा आले. त्यांची गुळाची अडत होती. ते म्हणाले, "दाजी, दुकान मोडा आन इंदापूरला या. माझ्याकडं दिवाणजी म्हणून बसा. ताईलाबी माहेर जवळ." मामा मनाने सोन्यासारखे, त्यांनी हे अगदी प्रेमाने म्हटलं. पण आईच्या हातातली सांडशी तशीच राहिली. मामा गेल्यावर ती अण्णांसमोर येऊन उभी राहिली.

"माहेरला मी चार दिस जाईन, पाटावर बसून जेवीन आन चोळी घेऊन यीन. बिऱ्हाड घेऊन भावाच्या दारात जायचं म्हंजी... भावजय काय बी म्हणायची न्हाय. मलाच घास गिळायचा न्हाय."

अण्णा खाली मान घालून म्हणाले, "आखिजीपतूर बघू. तवर माल मिळाला तर ठीक. न्हायतर जावं लागंल."

आखिजी म्हणजे अक्षय्य तृतीया. घर राहणार की जाणार, ते तेव्हा ठरायचं होतं. आई रडली वगैरे नाही. दुसऱ्या दिवशी तिने राजय्याचं एक रिकामं पोतं घेतलं, त्यावर त्याची निळी खूण होती, आणि फळीवरची तिच्या लग्नातली तांब्या-पितळेची भांडी भाताच्या पिंजरात गुंडाळून त्यात भरली. रोजच्या वापराची चार वर ठेवली. मग दाभण घेऊन पोत्याचं तोंड शिवून टाकलं आणि ते पडवीच्या कोपऱ्यात उभं केलं. "जायचं तर ऐनवेळी धावपळ नगं," एवढंच म्हणाली.

मग ती मला घेऊन इंदापूरला गेली, राहायची जागा बघायला. मामांच्या अडतीत शिरलो तर गुळाची ढेप ढेपेवर चढलेली, आणि उन्हाने खालच्या ढेपा पाघळून जमिनीवर ओघळ आलेले. मुंग्यांची ही रांग. मामांनी ओशाळून सांगितलं, त्यांचा निम्मा गूळ हैदराबादकडे जायचा. तोही अडकलेला. आम्हाला घरात घेऊ बघणाऱ्याच्या स्वतःच्या घरात मुंग्या झाल्या होत्या, आणि ते त्याने आम्हाला कळू दिलं नव्हतं. परतताना एस.टी.त आई म्हणाली, "माझा भाऊ लई चांगला हाय गं."

आता माझ्या आवडत्या माणसाकडे येते. माळेगावची हौसाबाई. दर गुरुवारी वांगी-मेथीच्या पाट्या घेऊन बैलगाडीतून यायची. बाजार उठला की आमच्या दुकानामागचा मिरचीचा केर, म्हणजे देठ, धूळ, फुटक्या मिरच्या आणि सांडलेलं बी, गाडीत भरून न्यायची. भाजीच्या वाफ्यांत तो टाकला की कीड लागत नाही असा तिच्याकडे समज होता. वर्षानुवर्षं आमचा केर तिच्या आणि तिच्या भावकीच्या रानात जात होता. दुपारी ती आमच्याच ओट्यावर भाकरी सोडायची आणि आई तिला ताक द्यायची.

आखिजी आठवड्यावर आली होती. हौसाबाईने फडकं सोडलं. भाकरीवर लाल चटणीचा गोळा. "घ्या वयनी, तोंडाला चव न्हाय तुमच्या," म्हणून तिने तुकडा आईच्या हातावर ठेवला. आईने तो तोंडात टाकला आणि तिला असा ठसका लागला, असा ठसका लागला, की अण्णा दुकानातून पळत आले. आईचे डोळे लाल, नाकातून पाणी, आणि त्याच हाताने तिने हौसाबाईचं मनगट धरलेलं.

"हौसा, ही मिरची कुठली?"

"कुठली म्हंजी? बांधावरची."

"बांधावर कुणी लावली?"

"कोन लावतंय? तुमचाच केर टाकतो न्हवं आमी? त्यातनं उगवतीया. उपटून उपटून हात दुकाया लागल्यात. हिरवी असली की ठेच्याला खुडतो. औंदा सून बाळंतीण झाली, सवड न्हाय झाली, तर पिकून लाल झाली, झाडावरच वाळली."

अण्णांनी त्या गोळ्यातलं एक बी चिमटीत उचललं, जिभेवर ठेवलं, डोळे मिटले. मी त्यांच्या कपाळाकडे बघत होते. घामाचा पहिला थेंब आला तेव्हा मला जोरात ओरडावंसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी आई आणि मी हौसाबाईकडे माळेगावला गेलो. पाटाच्या पाण्यावरची ती रानं, वांगी, कांदा, एका अंगाला ऊस. आणि बांधांवर, वाफ्यांच्या कडेला, उकिरड्याच्या उतारावर, जिथे म्हणून आमचा केर पडला होता तिथे, कमरेइतकी झाडं. काहींवर हिरव्या, काहींवर लाल. कुणी पेरली नव्हती, कुणी मागितली नव्हती. आई पदर खोचून बांधाबांधाने निघाली. माझ्या आईला मी तोवर चालताना पाहिलं होतं, त्या दिवशी उड्या मारताना पाहिलं. हौसाबाईच्या जावा, नणंदा, शेजारणी पाट्या घेऊन आल्या. "वयनीला याड लागलं," म्हणून हसल्या आणि तोडायला लागल्या.

माल काही राजय्याएवढा निघाला नाही. शिवाय हिरव्या मिरच्या पिकेपर्यंत थांबावं लागलं. बारामतीकरांची कांडपं त्या वर्षी वैशाख संपेपर्यंत चालली, आभाळ भरून यायला लागलं तरी उखळं थांबली नव्हती. कुणाला पुरेसं मिळालं नाही, पण प्रत्येकीला थोडं थोडं मिळालं. पहिलं पोतं उघडायला अण्णांनी रीतीप्रमाणे हौसाबाईला बसवलं. तिला इतकी लाज वाटली की सुतळी सुटेना. शेवटी तिने दातांनी तोडली.

आखिजी गेली. आम्ही बारामतीतच राहिलो. आईने भांड्यांचं पोतं मात्र सोडलं नाही. "एक साल निभावलं," ती म्हणायची, "फुडचं फुडं."

पुढच्या हंगामात हौसाबाईने बांधावरची झाडं उपटली नाहीत, उलट त्यांना पाणी दिलं. फाल्गुनात तिची दोन पोती येऊन पडली. आणि एका दुपारी लहान गाडी येऊन गेल्यावर ओट्यापाशी एक माणूस येऊन उभा राहिला. दाढी वाढलेली, कानात बाळ्या नाहीत, खांद्यावर पंचा. हात रिकामे.

"राजय्या!" अण्णा ओट्यावरून उतरले ते चप्पल न घालता.

तो आत आला. पाणी प्याला. आणि पडवीच्या कोपऱ्यात त्याला स्वतःच्या खुणेचं पोतं दिसलं, शिवलेलं, उभं. त्याचा चेहराच उजळला. अण्णांनी वर्षभर आपल्या नावाने एक पोतं न उघडता ठेवलं, असं त्याला वाटलं. ज्याच्या मातीतला माल त्याने उघडायचा, ही रीत तो विसरला नव्हता. आम्ही नको म्हणायच्या आत तो पोत्यापुढे मांडी घालून बसला आणि त्याने सुतळी सोडली.

आतून पिंजर निघालं. मग एक परात, एक घंगाळ, पळ्या, वाट्या. राजय्या एकेक वस्तू जमिनीवर ठेवत गेला आणि त्याचा हात मंदावत गेला. त्याचं येणं चुकलं म्हणजे इथे काय झालं होतं, ते त्याच्यापुढे मांडलेलं होतं.

"घर छोड के जाने वाले थे?" त्याने आईला विचारलं. आजवर तो तिच्याशी कधी थेट बोलला नव्हता.

आईने मान हलवली. "गेलो न्हाय. ऱ्हायलो."

मग तो बोलला. त्याचं गाव उठवलं होतं ते खरं होतं. दोन पावसाळे रान पडीक. आता शांत झालंय, लोक परत चाललेत. पण घरात ठेवलेलं बियाणं जळालं की लुटलं, कुणी नेलं, या बाजूने की त्या बाजूने, काही माहीत नाही. "मिरची नहीं लाया अण्णा. बोलने को आया, के अब दूसरा आदमी देख लो."

अण्णांनी हौसाबाईच्या पोत्यातली एक मिरची आणून त्याच्या हातात दिली. राजय्याने ती मोडली. बी जिभेवर ठेवलं. आणि मग तो जो रडला, त्यातलं मिरचीचं पाणी किती आणि दुसरं किती, मला सांगता येणार नाही.

"ये तो मेरी है," तो म्हणाला. "ये मेरे रान की है. इधर कैसी आई?"

"तुमच्याच केरातनं," आई म्हणाली आणि हसायला लागली. मग अण्णा हसले. मग देठ खुडणाऱ्या बायका.

दुसऱ्या दिवशी आईने आणि मी पडवीत बसून निवडक मिरच्यांचं बी काढलं. ते कशात द्यायचं म्हणून आईने जमिनीवर मांडलेल्या भांड्यांवर नजर फिरवली आणि फिरकीचा तांब्या उचलला. झाकण फिरवून बसवायचं, आत काही सांडत नाही. इंदापूरहून, लग्नात, तिच्या आईने दिलेला. तो काठोकाठ भरून तिने राजय्यापुढे ठेवला. बाकीची भांडी तिने चिंचेने घासली आणि फळीवर लावली. पोतं रिकामं झालं ते झालंच. लहान गाडी सुटली तेव्हा राजय्या खिडकीशी बसला होता, मांडीवर तांब्या, दोन्ही हात त्यावर.

त्यापुढच्या फाल्गुनात पोती आली. फार नाहीत, पण त्याच निळ्या खुणेची. गुरुवारचा बाजार भरलेला, नरसप्पाचं पाल लागलेलं, हौसाबाई पाट्या सोडून पुढे आलेली. राजय्याने पहिल्या पोत्याची सुतळी सोडली. वरच, मिरच्यांत अर्धा रुतलेला, लखलखीत घासलेला तांब्या होता. त्याने तो अण्णांना दिला नाही. आतल्या दाराशी उभ्या असलेल्या आईपुढे धरला.

"मेरी घरवाली बोली," तो म्हणाला, "बहन के घर का बर्तन खाली नक्को भेजो."

आईने झाकण फिरवलं. आत हळद होती, एका पुडीत कुंकू, मूठभर तांदूळ आणि घडी घातलेला हिरवा खण. माहेराहून लेकीला ओटी येते तशी. ज्या बाईला आम्ही कधी पाहिलं नव्हतं, जिची भाषा आम्हाला येत नव्हती, तिने ती पाठवली होती. भावाच्या दारात बिऱ्हाड घेऊन जायच्या नुसत्या विचाराने जिला घास गिळवत नव्हता, त्या माझ्या आईने भर बाजारात ओट्यावर येऊन ते कुंकू लावलं. मग हौसाबाईला लावलं. आणि घरात जाऊन खण देवापुढे ठेवताना मला म्हणाली, "आता मला माहेरं दोन झाली गं."

दुसऱ्या माहेरी ती कधी गेली नाही. तांब्या मात्र माझ्याकडे आला. सुनेला वाटतं, म्हातारी त्यात दागिने ठेवते. त्यात मिरचीचं बी आहे, दरवर्षी नवं भरलेलं. आज सकाळी गल्लीतलं यंत्र सुरू झालं, तशी मी फळीवरून तो काढला, झाकण फिरवलं, एक बी जिभेवर ठेवलं आणि डोळे मिटले. कपाळाला घाम फुटला. घरात दुसरं कुणी नव्हतं, तरी मी मोठ्यांदा म्हणाले, "हाय!"